पगारेबाईंची डाय आणि आमचं पॉलिश

श्रीमती शकुंतला पगारे यांची आणि माझी पहिली भेट नेमबाजीच्या रेंजवर झाली आणि त्या भेटीतच त्यांनी माझी लाज काढली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. पण बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो तेव्हा दुसरी सुरुवात काही केल्या सुचेना. शिवाय हा लेख मी कोणत्या तोंडाने लिहितो आहे, ते पुढे कळेलच.

मी पेशाने वकील. बोलण्यावरच पोट. नवी कोरी रायफल घेऊन, परदेशी गोळ्यांचे डबे घेऊन मी नाशिकच्या आमच्या क्लबात दाखल झालो होतो. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंचरेस्ट म्हणजे रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि खुर्चीत बसून नेम मारायचा. 'यात काय मोठंसं? बसून तर मारता,' असं आमच्या घरात अजून म्हणतात. पण रायफल टेकलेली, माणूस बसलेला, मग चुकलं तर दोष द्यायचा कोणाला? वारा आणि गोळी, दोघंच उरतात. आमच्या रायफली हवेच्या दाबावर चालतात आणि गोळी असते शिशाची, तुरीच्या दाण्याएवढी.

तर त्या दिवशी माझा नेम पार बाहेर गेला. मी दुर्बिणीतून पाहिलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, की वारा आला. पलीकडच्या टेबलावर कडक सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट अशा एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "वारा काय तुमच्या एकट्याच्या टेबलावर येतो का हो?"

मग त्यांनी मला रेंजचा रिवाज सांगितला. घोडा दाबला की दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी गोळी कुठे गेली ते मोठ्याने सांगायचं. उजवीकडे गेली तर उजवीकडे, मी हललो तर मी हललो. आधी बोलायचं, मग बघायचं. ज्याने आधी बघितलं त्याचा तो नेम आमच्या क्लबात धरत नाहीत, मग तो अगदी मध्यात का बसलेला असेना. हा रिवाज बाईंनीच लावला. एकदा बघून झालं की माणूस सबब शोधायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. वकिलाला हा रिवाज पचनी पडायला किती वेळ लागला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

बाईंची नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत झाली. साचे आणि हत्यारं बनवण्याच्या विभागात त्या शिकवत. त्या विभागात त्यांच्याआधी एकही बाई शिकवायला आलेली नव्हती, त्यामुळे वर्कशॉपच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. तेव्हाच्या प्राचार्यांनी मोठ्या आपुलकीने सुचवलं, की तुम्ही ऑफिसात बसा, कागदपत्रं बघा. बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, मी घरी जाऊन येत जाईन, तोवर सगळी लेथ मशिनं बंद ठेवत जा, कारण पोरांना एकट्याने मशिनवर सोडायची मला परवानगी नाही. बाई खरोखर घरी जाऊ लागल्या. सातपूर कॉलनीतल्या घरी जाऊन यायला लागायचा तो वेळ लागायचाच. स्वच्छतागृह लगेच बांधून झालं. आज अंबडच्या आणि सातपूरच्या कारखान्यांत बाईंचे विद्यार्थी मोठमोठ्या जागांवर आहेत. त्यांतले निम्मे या ग्रंथात लिहीत आहेतच, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

निवृत्तीनंतर एका विद्यार्थ्याने त्यांना नेमबाजी बघायला नेलं. बाईंनी डब्यातल्या विकतच्या गोळ्या भिंगाखाली धरल्या आणि हसायलाच लागल्या. घरी येऊन त्यांनी स्वतःची डाय करायला घेतली. डाय म्हणजे पोलादाचा मुठीत मावेल एवढा ठोकळा, त्याच्या मधोमध आरपार भोक. शिशाच्या तारेचा मोजून कापलेला तुकडा त्या भोकात ठेवायचा आणि हातप्रेसच्या दट्ट्याने दाबायचा की गोळी तयार. भोक जसं, तशी गोळी. म्हणून ते भोक आतून घासायचं, मापायचं, पुन्हा घासायचं, आणि जरा जास्त घासलं गेलं तर ठोकळा भंगारात टाकून नव्याने सुरुवात करायची. अशा किती डाय भंगारात गेल्या ते बाई सांगत नाहीत. जी जमली ती जमायला काही वर्षं लागली, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्या एका डायमधून आमच्या अख्ख्या क्लबाच्या गोळ्या निघत.

बाईंना नम्र म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. आपल्या गोळीसारखी गोळी महाराष्ट्रात निघत नाही, हे त्या चारचौघांत सांगतात आणि वर 'असेल तर आणून दाखवा' म्हणतात. नवीन माणूस गोळीचं टोक निरखत बसला की त्या म्हणणार, नाक काय बघता, मुलगी बघायला आलात का? बुड बघा. गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा शेवटी सुटतं ते बुड. तिथे केसाएवढी किनार जरी एका बाजूला राहिली, तरी गोळी तिरपी जाते. बाई प्रत्येक गोळीचं बुड बघत. पसंत नसेल ती पुन्हा वितळायला.

स्वभाव कडक, पण माणसाला कुठे एकटं सोडायचं नाही हे त्यांना बरोबर कळतं. पुण्याच्या स्पर्धेत मी सपशेल आपटलो होतो. परतीच्या बसची वाट बघत स्टँडवर तोंड पाडून बसलो होतो. बाई आल्या, मला उठवून मिसळ खायला घेऊन गेल्या आणि नाशिक येईपर्यंत आपल्या धाकट्या बहिणीच्या सुनेविषयी बोलत राहिल्या. स्पर्धेचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. गणेश आव्हाड आमच्या क्लबातले पोस्टातले कारकून. लहानपणी पोलिओने एक पाय गेलेला. उभं राहून नेम मारायचा खेळ त्यांच्यासाठी नव्हताच. बाईंनी त्यांना टेबलाशी बसवलं, आणि त्यांच्या रायफलला कोणत्या वजनाची गोळी मानवते ते शोधायला महिनाभर वेगवेगळ्या गोळ्या करून दिल्या. आव्हाड आज आमच्या क्लबातले सगळ्यात भरवशाचे नेमबाज आहेत.

इथवर लेख ठीक झाला. संपादक मंडळाला इथवरच हवा होता.

या वर्षी बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्या काही दिवस बहिणीकडे राहणार होत्या. घराची चावी माझ्याकडे दिली, झाडांना पाणी घालायला. नेमकी त्याच सुमारास गौरव समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष आमचे भामरेआप्पा, नामपूरचे कांद्याचे व्यापारी, दिलदार माणूस. मी सचिव. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर काय घ्यायचं, यावर खल चालला होता. बाईंचा फोटो तर सगळेच छापतात. मी म्हणालो, बाईंची डाय घेऊ. सगळ्यांना कल्पना फार आवडली. मलाही आपली स्वतःची फार आवडली.

फोटोग्राफर बाईंच्या मागच्या खोलीत आला, डाय बघून नाक मुरडून म्हणाला, हे काळं ढेकूळ काही उठून दिसणार नाही. खरंच काळपट दिसत होती ती, तेलाने आणि शिशाने माखलेली. मी म्हणालो, थांब. रुमालात गुंडाळली आणि थेट भांडीबाजारात गेलो. तिथे समया, तांब्याचे हंडे, देवांच्या मूर्ती पॉलिश करून देणारा एक ओळखीचा माणूस आहे. त्याला म्हणालो, एकदम चकाचक पाहिजे, गौरवाचं काम आहे. तो बिचारा मन लावून काम करणारा. त्याने बाहेरून तर केलंच, पण एका काडीला कापड गुंडाळून, त्यावर पॉलिशचा लाल साबण घासून, मशिनवर धरून आतूनसुद्धा केलं. 'साहेब, आतून पण आरसा केलाय,' म्हणाला. मी त्याचे आभार मानले.

आभार मानले, हे मी मुद्दाम लिहितो आहे. इतकी वर्षं त्या डायच्या गोळ्या मी मारतो आहे. बुड बघा, बुड बघा, हे ऐकून कान किटले आहेत. भोक जसं तशी गोळी, हे मी नव्या पोरांना स्वतः समजावून सांगतो. आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी एवढंच होतं, की फोटो झकास येणार. फोटो खरोखर झकास आला. तो आपल्या हातातल्या या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे. डाय मी पुन्हा तेल लावून, थोडी काजळी फासून, जागच्या जागी ठेवली. काजळी कशाला फासली? बाईंना मुखपृष्ठ पाहून सुखद धक्का बसावा म्हणून.

बाई परत आल्या. डॉक्टरांनी वाकून बारीक काम करायला मनाई केली होती, पण आव्हाडांची राज्य स्पर्धा जवळ आली होती, म्हणून त्यांनी हळूहळू प्रेस चालवून गोळ्या केल्या. बुडाला किनार येऊ लागली. अगदी बारीक, नखाला लागेल न लागेल अशी. बाईंनी तुकडे पुन्हा मोजले. दाब कमी करून पाहिला, वाढवून पाहिला. आधी त्यांना वाटलं नवा डोळा खोटं दाखवतोय. मग त्यांनी दुसऱ्या कोणाला दाखवलं, त्यालाही किनार दिसली. तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, की हात गेला.

मला हे रेंजवर कळलं. बाई टेबलाशी न बसता मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि आपली उजवी मूठ उघडझाप करत होत्या. कोणीतरी सांगितलं, की गोळ्या बिघडतायत, वय झालं बाईंचं. काय झालं असणार ते मला त्या क्षणी उमजलं. काडी, कापड, लाल साबण. भोक आतून केसभर रुंद झालं होतं आणि दाबलेलं शिसं दट्ट्याच्या कडेने चढून किनार धरत होतं. मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, विश्रांती घ्या, होईल ठीक.

आप्पांना गाठून मी सगळं सांगितलं. आप्पांचा चेहरा पडला. पण हॉल ठरला होता, पाहुणे ठरले होते, पत्रिका छापायला गेली होती. आप्पा म्हणाले, वकीलसाहेब, सोहळा होऊन जाऊ द्या, मग आपण दोघं जाऊन पाय धरू, आता सांगितलं तर बाई यायच्याच नाहीत. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, सोयीचं होतं. मी कोर्टात आरोपींना गप्प राहायचा सल्ला देतो, तो स्वतःलाही दिला आणि दिवस ढकलत राहिलो.

त्या दिवसांत बाईंनी काय केलं? दिलेल्या गोळ्या परत घेत त्या घरोघर हिंडल्या. बस बदलून नाशिकरोडला आव्हाडांकडे गेल्या. हे मला आव्हाडांनीच सांगितलं. बाई दारातच उभ्या राहिल्या, आत येऊन बसेनात. हात जोडून म्हणाल्या, स्पर्धेच्या तोंडावर तुम्हाला दगा दिला, माझा हात राहिला नाही, मला माफ करा. ज्या बाई चारचौघांत 'आणून दाखवा' म्हणायच्या, त्या. आव्हाड मला हे सांगताना रडत होते आणि मी, सगळं माहीत असलेला माणूस, त्यांच्या पाठीवर हात फिरवत होतो. आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

तरीही मी त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, की प्रेस आमच्या जुन्या प्रशिक्षण संस्थेला देऊन टाकायचा आहे, गाडी घेऊन या, मला उचलवत नाही.

गेलो. मागच्या खोलीत प्रेसचे नट सोडून ठेवलेले होते. डाय जुन्या साडीच्या तुकड्यात बांधली होती. बाईंनी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. तुमचे डोळे चांगले आहेत, म्हणाल्या, जाण्याआधी एकदा बुड बघून सांगा, किनार मलाच मोठी वाटते की आहेच तेवढी.

मी गोळीकडे पाहिलं नाही.

"बाई, गोळीत काही नाही. डाय मी पॉलिश करून आणली होती."

बाईंनी विचारलं, "आतून?"

"आतूनसुद्धा. फोटोसाठी."

बाई खुर्चीत बसल्या. मी वाट बघत होतो, की आता त्या बोलतील, हाकलतील, निदान ओरडतील. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बोटं पसरून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, पण सांगणार कोण? आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे हात आहे माझा."

मला वाटलं होतं, डाय गेली म्हणून रडतायत. त्या हात परत मिळाला म्हणून रडत होत्या. तो माझ्या मौनात इतके दिवस हरवलेला होता. मी विचारलं, की डायचा संशय तुम्हाला एकदाही कसा आला नाही, तुम्ही तर पहिल्यांदा हत्यार तपासता. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "चावी तुमच्याकडे होती ना. मग डायला कोण हात लावणार?"

पुढचं थोडक्यात सांगतो. रागावल्या त्या नंतर, आणि व्यवस्थित रागावल्या. त्यातले शब्द या ग्रंथाला शोभणार नाहीत. मला आणि आप्पांना त्यांनी आव्हाडांकडे आणि ज्यांच्या ज्यांच्या गोळ्या परत घेतल्या होत्या त्या प्रत्येकाकडे पाठवलं. आम्ही गेलो. आव्हाडांनी आप्पांना चहा विचारला, मला नाही. राज्य स्पर्धेला ते विकतच्या गोळ्या घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. माझ्या चावीची किंमत त्यांनी मोजली.

समितीने घाईघाईने मुखपृष्ठ बदलायचं ठरवलं. बाईंनी बदलू दिलं नाही. डाय कशी दिसू नये ते लोकांना कळू द्या, म्हणाल्या. सोहळ्याला यायचंही त्यांनी कबूल केलं, पण एका अटीवर. हा प्रसंग ग्रंथात आला पाहिजे, आणि तो मीच लिहिला पाहिजे. संपादकांनी हळूच सुचवलं, की गौरवग्रंथात हे बरं दिसेल का. बाई म्हणाल्या, तुमच्या क्लबाचा रिवाज काय आहे?

मी आधी बघितलं आणि फार उशिरा बोललो, बाई. हा नेम धरू नये.

सगळं कबूल केलं त्या दिवशी बाईंकडून निघताना मी चावी टेबलावर ठेवली होती. बाईंनी ती उचलून माझ्या हातात दिली. झाडांना काय मी पाणी घालणार आहे का, म्हणाल्या, मला वाकायची मनाई आहे. ती चावी माझ्याकडे आहे. मी तरीही बेल वाजवूनच आत जातो, आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबतो.

बाईंनी नवी डाय करायला घेतली आहे. पोलादाचा ठोकळा आला आहे, भोक पाडून झालं आहे, आतून घासायचं काम सुरू आहे. जुन्याला जेवढी वर्षं लागली तेवढी याला लागतील, असं त्या शांतपणे सांगतात, आणि ऐकणारा मनातल्या मनात पंचाहत्तरमध्ये ती वर्षं मिळवून पाहतो. या ग्रंथासाठी आलेले लेख मी त्यांना वाचून दाखवत होतो. प्रत्येकाच्या शेवटी 'शतायुषी व्हा' आलं, तशा त्या वैतागल्या. म्हणाल्या, शंभर कशाला? ही डाय पुरी होईपर्यंत डोळा आणि हात टिकला की पुष्कळ झालं, तेवढंच मागा.

ती वर्षं त्यांना आरामात, रेंजवर बसून, लोकांची थट्टा करत काढायची होती. आम्ही ती त्यांच्या गौरवासाठी खर्चून टाकली. त्यामुळे त्यांच्यासाठी दीर्घायुष्य मागताना माझी मान वर होत नाही. ते मागण्यात आमचाच स्वार्थ आहे, हे मला दिसतं. तरी मागतो. बाईंच्या दोन्ही डोळ्यांना लख्ख दिसो. हाताला कंप न येवो. ही डाय त्यांच्या मनासारखी पुरी होवो आणि तिची पहिली गोळी आव्हाडांच्या रायफलीतून सुटो. आणि मग एखाद्या सकाळी, बाईंच्या स्वभावाला धरून, त्यांना तिच्यात काहीतरी खोट सापडो, आणि त्या पदर खोचून दुसरी करायला बसोत.